जुन्या वास्तू, नवे व्यवहार

मुंबईच्या दादाभाई नवरोजी मार्गावर सकाळी दहाच्या सुमारास माणसांचा एक अखंड ओघ वाहत असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडणारे हजारो कर्मचारी आपापल्या कचेऱ्यांकडे निघालेले असतात. पावसाळ्याचे दिवस असले, तरी यांपैकी अनेकांना छत्री उघडावी लागत नाही. रस्त्याच्या कडेने उभ्या असलेल्या इमारतींच्या तळमजल्यांवर दगडी कमानींची लांबलचक ओवरी आहे आणि पादचारी तिच्या आडोशाने चालू शकतात. या कमानी केवळ शोभेसाठी उभारलेल्या नाहीत. १८९६ मध्ये तत्कालीन शासनाने या रस्त्यावर बांधकाम करणाऱ्यांना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी अशी ओवरी सोडण्याचे बंधन घातले होते. प्रत्येक मालकाने आपल्या जागेचा काही भाग सोडला आणि त्यामुळे प्रत्येक दुकानाच्या दारात ग्राहक कोरड्या पायाने येऊ लागला.

व्यापाराची सोय आणि वास्तूची प्रतिष्ठा या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. जुनी इमारत राखावयाची तर व्यवहार थांबवावा लागेल, आणि व्यवहार वाढवावयाचा तर जुनी इमारत पाडावी लागेल, असे दोन टोकांचे विचार वारंवार मांडले जातात. मुंबईच्या कोट विभागाचा, म्हणजेच आजच्या फोर्टचा, अनुभव मात्र निराळे सांगतो. जुनी वास्तू टिकते ती वापरामुळे. परंतु त्या वापरातून तिच्या देखभालीचा खर्च निघाला पाहिजे. हा मेळ जेथे बसला तेथे वास्तू तगली. जेथे बसला नाही तेथे कायदाही तिला पुरेसा आधार देऊ शकला नाही.

कोट विभागाची जडणघडण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा व्यापार किल्ल्याच्या तटाच्या आत कोंडलेला होता. १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, हा तट पाडण्यात आला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला मोठी मागणी आली होती आणि शहरात पैसा खेळू लागला होता. मोकळ्या झालेल्या जागेवर नवे रस्ते आखले गेले. पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारतींनी वर्तुळाकार सजले. त्या काळी हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाणारा आजचा दादाभाई नवरोजी मार्ग रुंद झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दुतर्फा भव्य इमारती उभ्या राहू लागल्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराने रेल्वे स्थानक आणि त्यासमोरील महानगरपालिकेची इमारत या दोन्ही वास्तूंची रचना केली.

यांपैकी बहुसंख्य इमारती राजवाडे किंवा देवालये नव्हत्या. त्या बँका, विमा कंपन्या, पेढ्या, दुकाने आणि ग्रंथालये यांच्यासाठी बांधलेल्या होत्या. कालांतराने त्यांचे उपयोग बदलत गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय याच मार्गावरील आनंद भवन या जुन्या वास्तूत नांदले. अशा रीतीने येथील व्यवहाराचे स्वरूप पिढ्यान्‌पिढ्या पालटत राहिले आणि वास्तू मात्र उभ्या राहिल्या. म्हणून या विभागातून व्यवहार बाहेर काढणे, म्हणजे त्या वास्तूंचा मूळ हेतूच काढून घेणे होय.

अडचण कोठे उद्भवते?

असे असले तरी आजच्या कार्यालयाच्या गरजा शंभर वर्षांपूर्वीच्या पेढीपेक्षा फार वेगळ्या आहेत, हे नाकारून चालणार नाही. वातानुकूलन यंत्रे, संगणक, विजेचा वाढीव भार, उद्वाहन, अग्निशमन व्यवस्था आणि स्वच्छतागृहे यांवाचून आज कोणतेही कार्यालय चालत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक वापराच्या इमारतींत उतरते मार्ग व सुलभ प्रवेश यांचीही सोय करावी लागते. या गरजा न्याय्य आहेत. त्या भागविण्याची रीत चुकली, म्हणजे वास्तूला इजा होते.

कोट विभागातील जुन्या इमारतींचा भार प्रामुख्याने दगडाच्या व विटांच्या जाड भिंतींवर आणि सागवानी तुळयांवर असतो. बांधकाम चुन्याचे असते. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा लेप चढविला, की ती ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजू लागतात. दुरुस्ती केल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात इमारतीचे आयुष्य घटते.

जागेची टंचाई हे दुसरे कारण. उंच छताच्या दालनात पोटमाळे घातले जातात. त्यांवर कागदपत्रांची कपाटे रचली जातात. गच्चीवर पाण्याच्या जादा टाक्या बसविल्या जातात. दोन खोल्या एक करण्यासाठी भार वाहणारी भिंत फोडली जाते. यांपैकी प्रत्येक फेरफार किरकोळ वाटतो आणि तो करणाऱ्या भाडेकरूला शेजारच्या भाडेकरूने काय केले आहे, याची कल्पना नसते. परंतु भिंतीला मात्र सर्वांचाच भार सोसावा लागतो. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारे पाणी, दर्शनी कोरीव कामावर ठोकलेले फलक, लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा आणि सांध्यांतून उगवणारी पिंपळाची रोपे यांची त्यात भर पडते.

कायद्याची चौकट

या संदर्भात दोन प्रकारच्या संरक्षणांत नेहमी गल्लत होते. प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे यांबाबतचा १९५८ चा केंद्रीय अधिनियम आणि महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम हे संरक्षित स्मारकांना लागू होतात. किल्ले, लेणी, प्राचीन मंदिरे यांचा त्यांत समावेश असतो. केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या सुधारणेनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र नियंत्रित असते. येथे जतन हाच मुख्य हेतू असतो.

वापरात असलेल्या जुन्या इमारतींना ही चौकट लावणे शक्य नव्हते. त्यासाठी नगररचनेचा मार्ग स्वीकारण्यात आला. बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ अन्वये १९९५ मध्ये वारसा वास्तूंबाबतचे विनियम अमलात आले. एखाद्या शहरातील चालत्याबोलत्या इमारतींना अशा प्रकारे नियमबद्ध संरक्षण देण्याचा देशातील हा पहिलाच प्रयत्न होता. सहाशेंहून अधिक वास्तू व परिसरांची सूची तयार करण्यात आली आणि सल्ला देण्यासाठी वारसा जतन समिती नेमण्यात आली. पुढे २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही नियम ५२ अन्वये ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यात आली.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या श्रेणींमध्ये आहे. सर्व वास्तूंना एकच माप लावलेले नाही. श्रेणी एकमध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांत आत वा बाहेर कोणताही फेरफार अत्यावश्यक असल्याशिवाय करता येत नाही. श्रेणी दोनचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. दोन-अ मधील वास्तूंत बाह्य स्वरूप राखून अंतर्गत बदल व नवा उपयोग यांस छाननीनंतर वाव मिळतो. दोन-ब मध्ये, मूळ वास्तूशी सुसंगत राहून, त्याच भूखंडावर जादा बांधकामाचाही विचार होऊ शकतो. श्रेणी तीनमध्ये रस्त्याच्या वा वस्तीच्या एकूण स्वरूपात भर घालणाऱ्या इमारती असतात आणि तेथे अधिक मोकळीक असते. सारांश, महत्त्व जितके मोठे तितके बंधन कडक, हे या नियमांचे तत्त्व आहे.

सूचीत नाव आले म्हणून मालकाचे नुकसान होते, ही तक्रारही विचारात घेण्यात आली. वारसा वास्तूच्या मालकाला आपल्या भूखंडावरील अनुज्ञेय चटई क्षेत्र वापरता येत नसेल, तर त्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याची तरतूद आहे. हे हक्क नियमांनी ठरवून दिलेल्या अन्य ठिकाणी वापरता येतात किंवा विकता येतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रसृत केलेल्या आदर्श बांधकाम उपविधींत आणखी एक मार्ग सुचविला आहे. वारसा वास्तूची योग्य निगा राखण्याचे मालकाने मान्य केल्यास तिच्या काही वा सर्व भागाचा कार्यालय, व्यापार किंवा हॉटेल यांसाठी उपयोग करण्यास परवानगी देता येते आणि निगा न राखल्यास ती काढून घेता येते. या तरतुदीत व्यापार हे जतनाचे साधन मानले आहे.

दादाभाई नवरोजी मार्गाचा प्रयोग

नियम आणि व्यवहार यांची सांगड प्रत्यक्षात कशी घालता येते, याचे उदाहरण पुन्हा दादाभाई नवरोजी मार्गावरच आढळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या मार्गावरील कमानी दुकानांच्या फलकांनी झाकून गेल्या होत्या. प्रत्येक फलक शेजारच्या फलकापेक्षा मोठा करण्याची चढाओढ लागली होती आणि परिणामी कोणताच फलक नीट दिसत नव्हता.

१९९८ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या साहाय्याने या मार्गाचा अभ्यास हाती घेण्यात आला. वास्तुशिल्पकार आभा नारायण लांबा यांनी इमारतींच्या दर्शनी भागांची पाहणी करून मार्गदर्शक सूचना तयार केल्या. दुकानाचा फलक कमानीच्या पोकळीतच बसवावा, खांबांचे शिरोभाग व कोरीव पट्टे झाकू नयेत, रस्त्यावरील दिवे व बाके परिसराला साजेशी असावीत, असे या सूचनांचे साधे स्वरूप होते. फलक लहान झाल्यास गिऱ्हाईक कमी होईल, अशी शंका कोणाही दुकानदाराला येणे स्वाभाविक होते. परंतु नियम सर्वांना समान असल्यामुळे कोणा एकाचेच नुकसान होण्याचे कारण उरले नाही. महानगरपालिका, दुकानदार, रहिवासी आणि तज्ज्ञ यांच्या सहकार्याने हे काम पुढे गेले आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेण्यात आली. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची जागतिक वारसा सूचीत नोंद झाली.

या मार्गावरील एकही दुकान त्यासाठी बंद करावे लागले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हॉर्निमन सर्कललगतच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कॉफीगृहाचे देशातील पहिले दुकान सुरू झाले, ते जुन्या दगडी कमानींच्या आतच. जुन्या वास्तूचे रूप हे ग्राहकाला आकर्षून घेणारे भांडवल ठरू शकते, हे व्यापाऱ्यांनाही यातून उमगले.

एका लोखंडी इमारतीची कहाणी

या चित्राला दुसरी बाजूही आहे. काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत १८६७ ते १८६९ या काळात उभारण्यात आली. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईस आणण्यात आला होता. वॉटसन हॉटेल म्हणून ती नावारूपाला आली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे येथेच दाखविण्यात आली आणि भारतातील चित्रपटाच्या इतिहासाचा प्रारंभ या वास्तूत झाला. पुढे हॉटेल बंद पडले. न्यायालये जवळ असल्यामुळे वकिलांची कार्यालये आणि लहानमोठे व्यवसाय येथे आले. मोठ्या दालनांचे तुकडे झाले, व्हरांडे बंदिस्त झाले आणि एकाच इमारतीत अनेक भाडेकरू नांदू लागले.

वापर होता, गजबज होती, वारसा सूचीत नावही होते. तरीही २००५ मध्ये इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. जगातील संकटग्रस्त वारसा स्थळांच्या २००६ च्या सूचीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने तिचा समावेश केला. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. त्या वर्षी एका तांत्रिक अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसा तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. वर्षानुवर्षे तेथे बसून उपजीविका करणाऱ्यांना आपले बिऱ्हाड हलवावे लागले.

असे का घडले, याचे उत्तर भाड्याच्या हिशेबात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने अनेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. महायुद्धोत्तर टंचाईच्या काळात हे भाडेकरूंच्या दृष्टीने आवश्यक होते. परंतु दशके लोटली, मजुरी व साहित्य यांचे दर अनेक पटींनी वाढले आणि भाडे मात्र जवळजवळ तेथेच राहिले. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरू दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करीना. दुरवस्थेतील इमारतींसाठी १९६९ च्या अधिनियमान्वये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि मालमत्तेवर उपकर बसविण्यात आला. ते काम पुढे म्हाडाकडे आले. तथापि मुंबई शहरातील एकोणीस हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारतींचा भार पाहता, वारसा वास्तूला लागणारी खास कारागिरी व खर्च त्या चौकटीत बसणे कठीण होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने प्रतिवर्षी चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम तसेच एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे संरक्षणातून वगळले. मोठे व्यवसाय असलेल्या इमारतींना त्याचा लाभ झाला. लहान भाडेकरूंनी भरलेल्या इमारतींचा प्रश्न मात्र बिकटच राहिला.

येथे भाडेकरूला दोष देऊन भागणार नाही आणि मालकालाही नाही. दुरुस्तीची जबाबदारी सर्वांची असली, की ती कोणाचीच राहत नाही. मालक, भाडेकरू आणि स्थानिक प्राधिकरण यांनी कोणता वाटा कोणी उचलावयाचा, हे आधी लेखी ठरविले नाही, तर निर्णयाची वेळ इमारत खचल्यावरच येते.

समतोलाची सूत्रे

या अनुभवांतून काही सूत्रे स्पष्ट होतात. पहिले असे, की फेरफार मागे घेता येईल असा असावा. भिंत फोडण्याऐवजी हलका पडदा उभारावा. तो छतापर्यंत न नेता मोकळा ठेवावा. विजेच्या तारा कोरीव दगडात खोबणी न पाडता बाहेरून नळीत घ्याव्यात. वातानुकूलन यंत्रे दर्शनी बाजूऐवजी मागील चौकात बसवावीत आणि त्यांच्या पाण्यासाठी स्वतंत्र नळ असावा. उद्या व्यवसाय बदलला, तर पूर्वीचे दालन पुन्हा मिळाले पाहिजे.

दुसरे, उपयोग वास्तूला साजेसा असावा. जाड भिंतींच्या, उंच दालनांच्या इमारतीत ग्रंथालय, बँक, भोजनगृह, प्रदर्शन किंवा सल्लागाराचे कार्यालय सुखाने नांदते. अवजड माल साठविणारे गोदाम नांदत नाही. तिसरे, चुन्याच्या कामाला चुनाच वापरावा आणि दुरुस्तीपूर्वी जाणकार अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी. चौथे, सुरक्षिततेशी तडजोड नसावी. बाहेर पडण्याचे मार्ग, विजेचा भार आणि अग्निशमन यांची व्यवस्था ही वास्तूच्या वयाकडे पाहून शिथिल करता येत नाही. आग आणि कोसळणे यांपासून माणूस सुरक्षित राहिला, तरच वास्तूबद्दल लोकांना आस्था वाटेल. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्पन्नातील ठरावीक वाटा देखभालीसाठी दरवर्षी बाजूला काढावा. पन्हळी साफ करणे, फुटकी कौले बदलणे आणि पिंपळाचे रोप लहान असतानाच उपटणे, या कामांना खर्च थोडा लागतो. ती टाळल्यास होणारा खर्च मात्र कोणालाच पेलत नाही.

मुंबईबाहेरही हाच प्रश्न

हा विषय केवळ महानगराचा नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा हे याचे बोलके उदाहरण आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्यात पेशवाईनंतर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तरी तो टाकून न देता दुरुस्त करण्यात आला. पुढे १९५९ पर्यंत तेथे पुण्याच्या नागरी कारभाराची कार्यालये होती. उपयोग बदलत गेले, म्हणूनच वाड्याची सागवानी कलाकुसर पुढील पिढ्यांना पाहावयास मिळाली.

राज्यातील तालुक्यांच्या व बाजारपेठांच्या गावी असे वाडे, जुन्या शाळा, धर्मशाळा आणि पेठांतील दुकाने आजही पुष्कळ आहेत. त्यांपैकी फारच थोड्या वास्तू संरक्षित स्मारके ठरतील. बाकीच्यांचे भवितव्य ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि मालक यांच्या दैनंदिन निर्णयांवर अवलंबून आहे. जुन्या शाळेची कौले उतरवून स्लॅब टाकण्याचा ठराव करण्यापूर्वी तिच्या भिंती किती भक्कम आहेत, हे पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. गावातील जुन्या वास्तूंची छायाचित्रांसह साधी नोंदवही शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तयार करता येईल. बाजारपेठेतील फलकांसाठी एकसारखा नियम पंचायतीला व्यापाऱ्यांशी चर्चा करून ठरविता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही.

हॉर्नबी रोडवर कमानी सोडण्याचे बंधन १८९६ मध्ये आले, तेव्हाही मालकांना आपली जागा गेली असेच वाटले असेल. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आणि त्या जागेवरून रोज हजारो ग्राहक दुकानांच्या दारांपर्यंत पोहोचत आहेत. जुन्या वास्तूचे जतन आणि नव्या व्यवहाराची भरभराट एकाच छपराखाली नांदू शकते, याची ती ओवरी साक्ष आहे. मात्र ते छप्पर वेळेवर शाकारण्याची जबाबदारी कोणीतरी आपली म्हणून स्वीकारली पाहिजे.